एक वाद्य, दोघींचे हात

टीचरची आणि माझी ओळख एक्स-रेच्या टेबलावर झाली. मी परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढते. दिवसभर माणसं येतात, हात-पाय ठेवतात, सांगितलं की श्वास रोखतात आणि निघून जातात. चेहरे लक्षात राहत नाहीत. ही बाई राहिली, कारण मनगट मोडलेलं असून तिने एकदाही ‘आई गं’ केलं नाही. वय सत्तरीच्या आसपास, फुलाफुलांचा फ्रॉक, मानेपर्यंत कापलेले पांढरे केस. गिरगावात राहत्या घराच्या जिन्यावरून घसरून पडली होती. हात प्लेटवर सपाट ठेवा म्हटलं तर ओठ घट्ट मिटून तिने तो ठेवला, आणि फोटो झाल्यावर मला विचारलं, “बाय, हा हात परत असा वळेल ना?”

डाव्या हाताने तिने हवेत करून दाखवलं. तळवा वर, बोटांत काहीतरी हलकं धरल्यासारखं, आणि मनगट डावीकडून उजवीकडे झुलतंय.

“जेवता येईल हो तुम्हाला,” मी म्हटलं.

“जेवायला कोण विचारतंय गो? वाजवता येईल का?”

“काय वाजवता? पेटी?”

“गाम्बा,” ती म्हणाली. मला वाटलं, गोव्याकडचा एखादा नाच असेल.

प्लास्टर घातल्यावर हाड जागेवर आहे का हे बघायला ती पुन्हा आली, तेव्हा मला नीट कळलं. ती गिरगावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेली. मूळची मुंबईचीच, पिढ्यान् पिढ्या इथल्या ख्रिस्ती घरातली. लग्न केलं नव्हतं. तरुणपणी कधीतरी परदेशात शिकायला गेली असताना तिथे हे वाद्य तिच्या हाती लागलं आणि ते ती बोटीने घेऊन आली. तिची चार जणांची मंडळी होती. तीन-चारशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत, त्या काळी जशी वाद्यं होती तशाच वाद्यांवर वाजवणारी. तिच्या शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता आणि त्याआधीच हे मनगट.

“राहतेस कुठे?” तिने विचारलं.

“लालबाग.”

“रविवारी काय करतेस?”

“कपडे धुते.”

“म्हणजे दुपारी मोकळी. ये. मला उचलणारं माणूस पाहिजे, आणि तू उंच आहेस.”

उंच तर मी आहेच. चाळीत मला शिडी म्हणायचे. पण इतक्या सरळपणे कामाला लावणारं माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. मी गेले.

तिचं घर फणसवाडीच्या मागच्या अंगाला, एका लाकडी घराच्या पहिल्या मजल्यावर. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली गाम्बा उभा होता. चादर काढली तर चेलोसारखा दिसला, पण खांदे उतरते, अंग सडपातळ. तारा सहा आणि त्या धातूच्या नव्हेत, तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून वळलेल्या. मानेवर सतारीला असतात तसे पडदे, तेही तातीचेच, गाठ मारून बांधलेले. वरच्या टोकाला एका बाईचं कोरलेलं डोकं. टीचर त्या डोक्याला ‘मावशी’ म्हणायची. “मावशीला भिंतीवर आपटू नको,” हे तिचं मला पहिलं शिक्षण.

तालीम रे रोडला व्हायची. तिथे एक निवृत्त बोट इंजिनियर तळमजल्यावर राहायचे. आजूबाजूला लाकडाच्या वखारी. एरवी करवतींच्या आवाजाने तिथे बोलता येत नाही, पण रविवारी सगळं बंद. इंजिनियरांनी परदेशातून सांगाडा मागवून, वखारीतून लाकूड निवडून, स्वतःच्या हाताने हार्प्सिकॉर्ड बांधला होता. दिसायला अरुंद पियानो. पण आत हातोडी नसते. पट्टी दाबली की एक छोटी नखी तार छेडते. सतारीच्या जवळचा आवाज. त्यांच्या जोडीला माटुंग्याची एक तरुण व्हायोलिनवाली, जी एरवी सिनेमाच्या रेकॉर्डिंगना वाजवायची, आणि लाकडी बासरी वाजवणारा दादरचा एक दाताचा डॉक्टर.

आधी अर्धा तास नुसतं सुरात लावणं. मुंबईच्या दमट हवेत तात फुगते, सूर हलतो. एक तार लागली की पहिली उतरलेली. पंखा बंद. सगळ्यांच्या कपाळावर घाम आणि कोणाची चिडचिड नाही. मला नवल वाटलं. आमच्याकडे एवढ्या वेळात दोन कार्यक्रम उरकले असते.

मग त्यांनी वाजवलं. त्या दिवशी टीचर नुसतीच बसून हाताने इशारे करत होती. खरं सांगते, माझं पहिलं मत होतं की आवाज फार कमी आहे. मी लालबागची. गणपतीत आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. आमच्या भीमजयंतीच्या मिरवणुकीत स्पीकर छातीत वाजतात आणि मी त्यांच्यापुढे नाचलेली बाई आहे. मी विचारलंसुद्धा, “माईक नाही लावत?” दाताचे डॉक्टर हसले. टीचर हसली नाही. “थोडी थांब,” एवढंच म्हणाली.

मी थांबले. थोड्या वेळाने आवाज वाढला असं वाटलं. वाढला नव्हता, माझे कान बसले होते. बासरीतली फुंकर ऐकू यायला लागली. व्हायोलिनचा गज तातीला लागतो तेव्हा सूर निघायच्या आधी किंचित खर्र होतं, तेसुद्धा. तिघांपैकी कोणी कोणाच्या वर जात नव्हतं. व्हायोलिनवाली एक ओळ म्हणायची, बासरी ती उचलायची, थोडी वळवून परत द्यायची, आणि त्या वेळात व्हायोलिनवाली खरोखर गप्प राहून ऐकायची. मी नंतर तिला विचारलं, सिनेमात वाजवून वर हे कशाला? ती म्हणाली, “तिकडे कानात टिकटिक लावून वाजवतात गं. इकडे माणसांबरोबर वाजवायचं.”

अडचण शेवटच्या तुकड्याची होती. त्याचा सगळा डोलारा खालच्या चार सुरांवर. गाम्बाने ते चार सूर संथपणे उतरत यायचे आणि परत पहिल्यापासून, सारखे तेच. वर बाकीच्यांनी हवं ते नक्षीकाम करायचं. तबलजी एकटा वाजवतो तेव्हा मागे पेटीवर लेहरा धरतात, तसंच. इंजिनियर म्हणाले, मी डाव्या हाताने वाजवतो. वाजवून बघितलं. पण हार्प्सिकॉर्डचा सूर छेडला की विरतो. इथे तर लांब, न तुटणारा आवाज हवा होता. कोणीतरी चेलोवाला आणू म्हटलं. टीचर म्हणाली, “आणा. पण मग तो तुकडा दुसरा होईल.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. कोणी आणला नाही.

मी मधे आले ती अशी. पुढच्या रविवारी गाम्बा मी तालमीला उचलून नेला; टीचरला फक्त तारा लावायच्या होत्या, कारण वाद्य पडून राहिलं की बिघडतं. खुंट्या ती डाव्या हाताने पिळत होती, पण गज कोण फिरवणार? “धर,” ती मला म्हणाली. मी तिच्या उजवीकडे खुर्ची ओढली. गज खालून धरायचा, तळवा वर. एक्स-रेच्या टेबलावर तिने दाखवलेला तो हात आता माझा झाला. मी ओढलं तर दरवाजाच्या बिजागरीसारखं कुरकुरलं. “ओढू नको. वजन दे, आणि जाऊ दे.” पाच-सहा वेळा करून झाल्यावर एक सूर निघाला, सरळ आणि जाड, आणि तो निघाल्याबरोबर तिच्या डाव्या हाताची बोटं तारेवर आपोआप सरकली. एक सूर खाली, आणखी एक, आणखी एक. मी गज चालू ठेवला. ते चार सूर होते.

खोलीत सगळे आमच्याकडे बघत होते.

“अशक्य,” इंजिनियर इंग्रजीत म्हणाले.

“जुन्या काळी लोकांनी गंमत म्हणून असं केलेलं आहे,” टीचर म्हणाली. “एक वाद्य, दोन माणसं. आपण गरज म्हणून करू.” मग माझ्याकडे वळून, “करशील?”

मला संगीताच्या नोट्स वाचता येत नव्हत्या. लहानपणी विहारात आईबरोबर गाणी म्हटली होती, तेवढाच माझा संगीताशी संबंध. पण तिने ‘जमेल का’ असं विचारलं नव्हतं, ‘करशील का’ असं विचारलं होतं. मी हो म्हणाले.

त्यानंतर ड्युटी संपली की मी परळहून गिरगावला जायची. टीचरची शिकवायची रीत कडक. चांगलं झालं तर “हां,” एवढंच. वाईट झालं तर ती का वाईट झालं ते सांगायची, आणि सांगताना तिला वेळेचं भान राहायचं नाही. माझा खांदा भरून यायचा. ती मला तळलेले गोल फुगे आणि त्यांच्याबरोबर झणझणीत रस्सा खायला घालायची, आणि मी तोंड पुसायच्या आत म्हणायची, “चल.” एकदा मी वैतागले. सकाळपासून अपघाताच्या केसेस आल्या होत्या, डोकं दुखत होतं, आणि गज तिसऱ्या सुरावर दरवेळी अडखळत होता. मी गज खाली ठेवला.

“टीचर, तुमचा हात दीड-दोन महिन्यांत सुटेल. कार्यक्रम पुढे ढकला ना.”

“पुढे ढकलला तर मी वाजवीन,” ती म्हणाली. “मला ते नको असं नाय. पण मग हे दोघींचं राहून जाईल. आणि तू अडखळतेस कुठे, माहीत आहे? माझं बोट सरकतं तिथे. तू माझ्या बोटाकडे बघतेस. बघू नको. श्वास ऐक.”

“कोणाचा?”

“माझा. मी सूर बदलायच्या आधी श्वास घेते. पन्नास वर्षांची खोड आहे, जात नाय.”

मला हसू आलं. दिवसभर मी लोकांना श्वास रोखायला लावते. त्या संध्याकाळी मी डोळे मिटून एका म्हातारीचा श्वास ऐकत गज फिरवला, आणि अडखळणं गेलं. ती “हां” म्हणाली, आणि मग बऱ्याच वेळाने, “आज जेवूनच जा.”

तिच्याबद्दल मला आदर वाटायला लागला तो या दिवसांत. वाजवता येत नव्हतं म्हणून ती कधी हळहळत बसली नाही. हातात दुखायचं; ते मला तिच्या कपाळावरून कळायचं, माझा धंदाच तो. पण रियाजाच्या वेळी ती दुखणं दाराबाहेर ठेवायची. आणि दुसरं म्हणजे, तिने मला कधी आपला हात मानलं नाही. व्हायोलिनवालीला सांगताना ती म्हणायची, “इथे आम्ही दोघी थोड्या थांबणार आहोत, तू आमच्यासाठी थांब.” आम्ही दोघी. गज धरून महिनासुद्धा झाला नव्हता मला.

कार्यक्रमाच्या दिवशी वखारीतल्या माणसांनी हार्प्सिकॉर्ड गोधड्यांत गुंडाळून टेम्पोत चढवला आणि इंजिनियर टेम्पोत त्याच्याशेजारी बसून गिरगावपर्यंत आले. शाळेचा हॉल जुना, उंच छताचा. जुने विद्यार्थी, त्यांची मुलं, चर्चच्या पॅरिशमधली माणसं. माझी आई आली होती, बरोबर आमच्या विहाराच्या महिला मंडळातल्या दोघी. तिघी पांढऱ्या साड्यांत, दुसऱ्या रांगेत, अगदी ताठ. दाताच्या डॉक्टरांनी सगळ्यांना विनंती केली की पंखे बंद ठेवू, आवाज आणि वारा दोन्ही सुरांना त्रास देतात. माणसांनी कार्यक्रमाचे कागद हलवायला सुरुवात केली.

पहिले तुकडे गाम्बाशिवाय झाले. मी विंगेत टीचरशेजारी बसले होते. ती पुढे वाकून ऐकत होती. शेवटच्या तुकड्याला आम्ही दोघी बाहेर गेलो. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेली टीचर, तिच्या पायांत गाम्बा, आणि उजवीकडे खुर्ची लावून मी. लोकांत कुजबुज झाली. टीचरने काही समजावून सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलं, आणि श्वास घेतला.

चार सूर गेले. परत चार. हार्प्सिकॉर्ड आत आला, मग व्हायोलिन, मग बासरी. मी डोळे मिटले होते. किती फेऱ्या झाल्या मला माहीत नाही. गज आपल्या वजनाने जात होता आणि सूर जमिनीतून वर आल्यासारखा पायांत जाणवत होता. व्हायोलिन फार वर गेलं, पातळ, तुटेल असं वाटावं इतकं पातळ. आणि श्वास आला नाही.

मी वाट पाहिली. दुसऱ्या सुरावरून तिसऱ्यावर जायचं होतं. श्वास आला नाही. मी डोळे उघडले. टीचरचं बोट होतं तिथेच होतं. ती व्हायोलिनवालीकडे बघत होती, तोंड जरासं उघडं. मी काय करणार? गज संपत आला तसा मी उलटा फिरवला आणि तोच सूर धरून ठेवला. इंजिनियरांनी मान वर केली, एका नजरेत ओळखलं, आणि उरलेले दोन सूर स्वतःच्या डाव्या हातात घेतले. मग टीचरला जाग आली. ती हसली, स्टेजवर, सगळ्यांदेखत, लहान मुलीसारखी. श्वास घेतला आणि पुढच्या फेरीच्या पहिल्या सुरावर बरोबर उतरली. समोर बसलेल्यांना ते कळलं असेल असं मला वाटत नाही. शेवटचा सूर आम्ही इतका लांब नेला की गजाच्या टोकाला जाऊन तो नुसता वारा झाला.

टाळ्या थांबल्यावर विंगेत मी तिला विचारलं, “काय झालं होतं?”

“ऐकत राहिले गो,” ती म्हणाली. “इतकी वर्षं हा तुकडा वाजवते. वाजवताना अर्धं लक्ष गजात असतं. आज गज तुझ्याकडे होता. पहिल्यांदा पूर्ण ऐकला, आणि विसरलेच.” तिचे डोळे भरलेले होते आणि ती ते लपवत नव्हती.

व्हायोलिनवाली बाजूला उभी होती. तिला वाटलं होतं आपलंच काहीतरी चुकलं. टीचरने डाव्या हाताने तिचं डोकं जवळ ओढलं आणि केसांवर ओठ टेकवले.

घरी जाताना टॅक्सीत आईने कार्यक्रमाचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, “गाणं नव्हतं तरी गाण्यासारखं होतं.” दोन सिग्नल गेल्यावर पुन्हा, “त्या बाई एकट्या राहतात का गं?”

“हो.”

“मग आपल्याकडे बोलव.”

प्लास्टर निघालं तेव्हा फोटो मीच काढला. हाड जुळलं होतं, पण मनगट पहिल्यासारखं फिरत नाही, आणि फिरणारही नाही. टीचरने ते फिल्मवर बघितलं, मान हलवली आणि पकड बदलली. आता ती मनगटाऐवजी कोपरापासून गज नेते. आवाज थोडा जाड झालाय. तिला आवडत नाही, मला आवडतो. मी अजून गिरगावला जाते, दर गुरुवारी. आता डावा हातही माझाच असतो. पडद्यांवर बोटं दुखतात, नोट्स वाचताना मी अजून ओळी मोजते, आणि ती अजून “हां”पलीकडे जात नाही.

आईने तिला बोलावलं ते नुसतं घरी नव्हे, विहारात. थंडीत, एका रविवारी सकाळी. हार्प्सिकॉर्ड येणं शक्य नव्हतं, पण व्हायोलिन, बासरी आणि गाम्बा आले, आणि इंजिनियरही आले, रिकाम्या हाताने, नुसते ऐकायला. सतरंजीवर बसलेल्या बायकांपुढे त्यांनी दोन तुकडे वाजवले. मग महिला मंडळाने बाबासाहेबांवरचं एक गाणं म्हटलं, तेव्हा टीचर आधी नुसती ऐकत होती. दुसऱ्या कडव्याला तिने बायकांचा षड्ज शोधला, खालच्या तारेवर तो हळूच धरला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही. बायकांचा आवाज चढला. कोणीतरी ढोलकी घेतली. दाताच्या डॉक्टरांनी बासरी मांडीवर ठेवून टाळ्या धरल्या.

नंतर चहा झाला. मंडळातल्या सगळ्यात वयस्कर आजींनी मावशीच्या लाकडी गालाला बोट लावून बघितलं आणि टीचरला विचारलं, “ही कोण?”

“माहीत नाय,” टीचर म्हणाली. “ज्याने वाद्य बनवलं त्याची कोणीतरी असेल.”

“नाक छान आहे,” आजी म्हणाल्या, आणि टीचरच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.